कॉम्प्युटरवर दोन विंडो शेजारी-शेजारी कशा लावायच्या?

मोबाईलची सवय असली की कॉम्प्युटरवरही आपण प्रत्येक विंडो फुल स्क्रीन करून ठेवतो. मग स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना मार्कशीट उघडून सीट नंबर बघायचा, परत फॉर्मवर यायचं, तोवर शेवटचे दोन आकडे विसरलेले! एक आकडा चुकला तरी अर्ज अडकू शकतो. म्हणून मी अशा वेळी दोन्ही विंडो शेजारी-शेजारीच लावतो.

विंडोज १० किंवा ११ मध्ये फॉर्मची विंडो समोर ठेवून विंडोज की (खिडकीचं चिन्ह असलेलं बटण) आणि डावा बाण एकत्र दाबा. फॉर्म डाव्या अर्ध्या भागात बसेल. उजवीकडे बाकीच्या उघड्या विंडो छोट्या दिसतील, त्यातली मार्कशीट निवडा. झालं! विंडोची वरची पट्टी माउसने धरून स्क्रीनच्या कडेला नेली तरी हेच होतं.

गंमत म्हणजे १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये अ‍ॅपच्या विंडो शेजारी-शेजारीच बसायच्या, एकमेकींवर चढत नव्हत्या. ती मोकळीक १९८७ च्या विंडोज २.० ने दिली, आणि खाली दबलेली विंडो शोधायची कटकटही तेव्हापासूनची. कडेला नेऊन चिकटवायची सोय २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आली.

छोट्या लॅपटॉपवर फॉर्म दाटीवाटीचा वाटला तर दोन विंडोंमधली कड माउसने सरकवा आणि फॉर्मला जास्त जागा द्या. सबमिट करण्याआधी दोन्हीकडचे आकडे एकदा ताडून बघा. आता ते एकाच नजरेत दिसतात.