प्युरिटन पंथ

प्युरिटन पंथ हा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये उदयास आलेला प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एक सुधारणावादी प्रवाह होय. इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये शिल्लक राहिलेल्या रोमन कॅथलिक प्रथा काढून टाकून ते बायबलच्या आधारे शुद्ध करावे, ही या प्रवाहाची मुख्य मागणी होती. ‘प्युरिटन’ म्हणजे शुद्धतेचा अतिरेकी आग्रह धरणारा. हे नाव विरोधकांनी उपहासाने दिले होते. ‘पंथ’ हा शब्द रूढ असला, तरी बहुसंख्य प्युरिटन दीर्घकाळ राष्ट्रीय चर्चमध्येच राहून सुधारणेचा प्रयत्न करीत होते.

उगम

आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीत, १५३४ मध्ये, इंग्लंडचे चर्च पोपच्या सत्तेपासून वेगळे झाले. पुढे मेरी राणीने (कारकीर्द १५५३–१५५८) कॅथलिक धर्माची पुनःस्थापना केली. तिच्या काळात सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले आणि शेकडो जणांनी देशत्याग केला. त्यांपैकी काहींनी जिनिव्हा येथे जॉन कॅल्विन याच्या मार्गदर्शनाखाली चालणारे चर्च प्रत्यक्ष पाहिले.

एलिझाबेथ राणी १५५८ मध्ये गादीवर आल्यावर हे निर्वासित परतले. १५५९ च्या कायद्यांनी प्रॉटेस्टंट धर्म पुन्हा प्रस्थापित केला. परंतु बिशपांची उतरंड, धर्मगुरूंचे विशिष्ट झगे, बाप्तिस्म्याच्या वेळी केली जाणारी क्रुसाची खूण, प्रभुभोजनप्रसंगी गुडघे टेकणे इत्यादी गोष्टी कायम राहिल्या. बायबलमध्ये ज्यांना आधार नाही अशा या गोष्टी उपासनेत का असाव्यात, हा प्रश्न प्युरिटन चळवळीचे मूळ ठरला. केंब्रिज विद्यापीठातील टॉमस कार्टराइट याने १५७० मध्ये बिशपांच्या व्यवस्थेवर टीका केली, त्याबद्दल त्याला अध्यापकपद गमवावे लागले. पहिल्या जेम्स राजाने १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेत प्युरिटनांच्या बहुतेक मागण्या फेटाळल्या. मात्र बायबलच्या नव्या भाषांतराची मागणी मान्य झाली व ते भाषांतर १६११ मध्ये प्रसिद्ध झाले.

धर्मश्रद्धा

प्युरिटनांच्या मते श्रद्धा, उपासना व आचरण यांचे अंतिम प्रमाण बायबल हेच होते. त्यामुळे प्रत्येकाला ते वाचता येणे आवश्यक ठरले आणि उपासनेत विधींपेक्षा प्रवचनाला अधिक महत्त्व आले. रविवार हा पूर्णपणे ईश्वराचा दिवस मानला जाई.

कॅल्विनला अनुसरून त्यांची अशी श्रद्धा होती की, मनुष्य जन्मतःच पापी असून कोणाचा उद्धार व्हावा हे ईश्वराने आधीच ठरविलेले आहे. सत्कर्मांनी मोक्ष मिळविता येत नाही. तो केवळ ईश्वराच्या कृपेने लाभतो. मग सदाचरणाची गरज काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्यावर त्यांचे उत्तर असे की, सदाचरण हे उद्धाराचे साधन नसून त्याचे चिन्ह आहे. आपल्या ठायी हे चिन्ह आहे की नाही, या चिंतेतून अखंड आत्मपरीक्षणाची सवय निर्माण झाली. अनेक प्युरिटन त्यासाठी रोजनिशी लिहीत. ईश्वर व मनुष्य यांच्यात करार झाला आहे, ही कल्पनाही त्यांच्या विचारात मध्यवर्ती होती. कुटुंब, चर्च व राज्य यांकडेही ते कराराच्या दृष्टीने पाहत.

अमेरिकेतील वसाहती

राष्ट्रीय चर्चमध्ये सुधारणा अशक्य मानून त्यापासून फुटलेला एक लहान गट प्रथम हॉलंडला गेला. त्यातील काही जण १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेत पोहोचले. जॉन विन्थ्रॉप याच्या नेतृत्वाखालील प्युरिटनांचे मोठे स्थलांतर १६३० मध्ये सुरू झाले. त्यांनी मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६३६ मध्ये हार्वर्ड महाविद्यालय स्थापन केले आणि १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला शिक्षक नेमणे बंधनकारक केले.

तथापि, स्वतःच्या पद्धतीने उपासना करता यावी म्हणून देश सोडणाऱ्या या समाजाने ते स्वातंत्र्य इतरांना दिले नाही. शासनाने धर्माच्या बाबतीत सक्ती करू नये, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला हद्दपारीची शिक्षा झाली. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स ही वसाहत वसविली. धर्मगुरूंच्या शिकवणीवर आक्षेप घेणाऱ्या ॲन हचिन्सन हिलाही वसाहत सोडावी लागली. १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये चार क्वेकरपंथीयांना फाशी देण्यात आले. या वर्तनाचे मूळ त्यांच्या श्रद्धेतच होते. सर्व समाज ईश्वराशी करारबद्ध असेल, तर एकाच्या चुकीची शिक्षा सर्वांना भोगावी लागेल, असे ते मानीत.

ऱ्हास व वारसा

इंग्लंडमधील यादवी युद्धात (१६४२–१६५१) संसदेच्या पक्षात प्युरिटनांचे प्राबल्य होते. पहिल्या चार्ल्स राजाचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाल्यावर ऑलिव्हर क्रॉमवेलच्या हाती सत्ता आली. परंतु १६६० मध्ये राजेशाही परतली. १६६२ च्या कायद्यानुसार ठरावीक उपासनापद्धती न स्वीकारणाऱ्या बहुसंख्य धर्मगुरूंना पद सोडावे लागले. यानंतर प्युरिटन हे राष्ट्रीय चर्चबाहेरच्या निरनिराळ्या गटांत विभागले गेले.

या परंपरेचा महाराष्ट्राशीही संबंध आला. प्युरिटनांच्या वारशातून वाढलेल्या न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल चर्चच्या पुढाकाराने पाठविलेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. प्युरिटन लेखक जॉन बन्यन याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे हरी केशवजी यांनी केलेले मराठी भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले.