रिकाम्या फायलीला जागा किती लागते?

ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाने १९५१ मध्ये चंदीगडचा आराखडा आखताना शहराची भूमी सेक्टरांत विभागली. त्यांतील बहुतेक सेक्टर सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब आहेत. सेक्टर व घर यांचे क्रमांक ठाऊक असले, की परका मनुष्यही इच्छित स्थळी पोहोचतो. संगणकाच्या डिस्कसंबंधीही ‘सेक्टर’ हाच शब्द रूढ आहे. मात्र तेथे तो ५१२ किंवा ४०९६ बाइटांचा एक क्रमांकित तुकडा असतो.

या तुकड्यांचे वाटप करणाऱ्या व्यवस्थेस फाइल-प्रणाली म्हणतात. ती सेक्टरांचे ब्लॉक बनवून फायलींना देते. ब्लॉक ४०९६ बाइटांचा असेल, तर एका अक्षराच्या फायलीसही बहुधा पूर्ण ब्लॉक द्यावा लागतो. मग जिच्यात एकही अक्षर नाही, अशा फायलीला किती ब्लॉक मिळतात? एकही नाही.

तथापि अशी फाइल म्हणजे केवळ शून्य नव्हे. समजा, नगराच्या दप्तरात एखाद्याचे नाव नोंदले गेले, पण त्याला भूखंड मिळालेला नाही. त्याने जमीन अडविलेली नसली, तरी नोंदवहीची एक ओळ अडविलीच आहे. रिकाम्या फायलीचेही तसेच आहे. तिचे नाव, मालक व वेळ यांची नोंद कोठेतरी करावीच लागते.

ही नोंद निरनिराळ्या प्रणालींत निरनिराळी असते. जुन्या फॅट प्रणालीत ती ३२ बाइटांची असून, रिकाम्या फायलीच्या आरंभस्थानापुढे शून्य लिहिलेले असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नोंद साधारणतः १०२४ बाइटांची असते. अगदी लहान फायलीचा मजकूरही तीतच मावतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या परंपरेत या नोंदीस ‘इनोड’ म्हणतात. लिनक्सच्या ईएक्सटी-४ प्रणालीत इनोड सामान्यतः २५६ बाइटांचा असतो. फायलीचे नाव मात्र निर्देशिकेत निराळे लिहिले जाते.

येथेच एक महत्त्वाची अडचण उद्भवते. ईएक्सटी-४ मध्ये इनोडांची संख्या डिस्क सज्ज करतानाच ठरते. सर्वसाधारणपणे दर १६,३८४ बाइटांमागे एक. म्हणजे १६ गिगाबाइटांच्या डिस्कवर सुमारे साडेदहा लाख इनोड. तितक्या रिकाम्या फायली निर्माण केल्यास मजकुराचे जवळजवळ सर्व ब्लॉक मोकळे राहतील; तरीही पुढील फायलीस ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर मिळेल. भूमी आहे, पण नोंदवही भरली!

अशा वेळी एखादी प्रचंड फाइल पुसून उपयोग होत नाही, कारण त्यामुळे एकच इनोड सुटतो. निरुपयोगी झालेल्या असंख्य चिमुकल्या फायलीच शोधून काढाव्या लागतात. काही प्रणाली गरजेनुसार नवे इनोड निर्माण करतात. तेथे हे संकट सहसा येत नाही. म्हणून डिस्कची देखरेख करणाऱ्याने दोन हिशेब पाहावेत: ब्लॉक किती उरले आणि इनोड किती उरले.