आभासी वास्तवातील मुक्त चालणे

आभासी वास्तवातील मुक्त चालणे म्हणजे हेडसेट परिधान केलेल्या व्यक्तीने स्वतःच्या पायांनी चालत संगणकनिर्मित दृश्यात पुढे जाणे होय. दृश्य कितीही विस्तीर्ण असले तरी घरातील खोली लहानच असते. या क्षेत्रातील बहुतेक संशोधन याच अडचणीभोवती फिरते.

प्रत्येक आभासी दृश्यात चालता येते असे नाही. शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पायी पंढरपूरला जाते. अशा वाटेची ३६० अंशांची चित्रफीत हेडसेटमध्ये पाहिल्यास मान वळवून सभोवार पाहता येते, परंतु पाऊल टाकले तरी वाट मागे सरकत नाही, कारण चित्रण कॅमेऱ्याच्या जागेवरूनच झालेले असते. चालण्यासाठी दृश्याचे त्रिमितीय प्रतिरूप लागते आणि हेडसेटला डोक्याचे वळणे व सरकणे दोन्ही मोजता यावे लागते.

घरातील वापर

२०१६ मध्ये आलेल्या एचटीसी व्हाइव्ह या संचाने खोलीभर चालणे घरगुती ग्राहकांच्या आवाक्यात आणले. त्यासाठी किमान २ × १.५ मीटर मोकळी जागा आवश्यक होती. २०१९ मधील ऑक्युलस क्वेस्टने संगणकाला जोडणारी तारही काढून टाकली. वापरकर्ता आखलेल्या सीमेजवळ येताच डोळ्यांपुढे जाळी उमटते व त्याला थांबावे लागते. पुढचे अंतर कळ दाबून कापल्यास डोळ्यांना गती दिसते, पण अंतर्कर्णाला ती जाणवत नाही. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते.

दिशाभूल करून चालवणे

२००१ मध्ये शरीफ रझ्झाक, झकरिया कोन व मेरी व्हिटन यांनी 'रिडायरेक्टेड वॉकिंग' हे तंत्र मांडले. यात संगणक दृश्य किंचित फिरवत राहतो. सरळ जात असल्याचा समज असलेली व्यक्ती नकळत वळत जाते. फ्रँक स्टाइनिके व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या फसवणुकीच्या मर्यादा मोजल्या. दृश्यात ९० अंश वळल्याचे भासत असताना शरीर ७२ ते १३४ अंशांपर्यंत वळवले तरी फरक सहसा लक्षात येत नाही. अंतर मात्र फारसे ताणता येत नाही: ३ मीटर चालण्याचे फार तर पावणेचार मीटर होतात. सरळ चालीचा भास टिकवण्यासाठी किमान २२ मीटर त्रिज्येचे वर्तुळ लागते, म्हणजे ४४ मीटर रुंद सभागृह. घरासाठी हे तंत्र एकट्याने अपुरेच ठरते.

दुमडलेल्या वास्तू

घरासाठी अधिक उपयुक्त कल्पना 'अशक्य अवकाश' ही होय. इव्हान सुमा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. वापरकर्ता एका दालनातून बाहेर पडून बोळातून वळसा घेतो, तोवर त्याच जमिनीवर दुसरे दालन मांडले जाते. येथे पावलांचे माप खरेच राहते, वास्तू तेवढी खोटी असते. 'अनसीन डिप्लोमसी' या २०१६ च्या खेळात हीच युक्ती आहे. त्याला ४ × ३ मीटर जागा लागते. १० बाय १२ फुटांची खोली पूर्ण रिकामी केली तरी त्याला पुरत नाही.