डबा गरम झाला, पण आतून?

भोसरी असो, तळवडे असो की चाकण, जेवणाची सुट्टी झाली की पँट्रीतल्या मायक्रोवेव्हपुढे रांग लागते. मागच्याला घाई, पुढच्याला भूक! पण वाफ दिसली म्हणजे अन्न नीट गरम झालंच, असं नाही. म्हणून या काही गमतीच्या आणि कामाच्या गोष्टी.

जन्म कारखान्यातला. 1945 मध्ये अमेरिकेच्या रेथिऑन कंपनीत रडारवर काम करताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातला खाऊ वितळला आणि त्यांना ओव्हनची कल्पना सुचली. त्यांचा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे 340 किलोंचा होता.

स्टील बाहेरच. धातू मायक्रोवेव्ह लहरी परतवून लावतो, ठिणग्याही उडू शकतात. स्टीलचा डबा, फॉइल, सोनेरी काठाची बशी आत नको. श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिक डबाही नको. काचेचं भांडं उत्तम.

दर 6 सेंटिमीटरला चटका. ओव्हनमधल्या लहरीची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर, त्यामुळे साधारण निम्म्या अंतरावर जास्त तापणाऱ्या जागा तयार होतात. शिवाय लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. म्हणून भाजी पसरून ठेवा, अर्ध्यात थांबवून ढवळा आणि शेवटी दोन मिनिटं झाकून ठेवा. मधोमध 74 अंश सेल्सिअस झालं की काम फत्ते.

भाताची घाई आधी करा. मावळचा इंद्रायणी असो वा रेशनचा तांदूळ, ‘बॅसिलस सिरियस’ या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 पासून पेनिसिलिन बनू लागलं, पण हा गडी सहसा पेनिसिलिनलाही दाद देत नाही! उरलेला भात दोन तासांत फ्रिजमध्ये टाका, मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरातच. पहाटे डबा भरायचा आणि कंपनीत फ्रिज नाही? मग पोळी आणि सुकी भाजी न्या.

चाकणचा बटाटा टोचा. अख्खा बटाटा तसाच ठेवलात तर आतली वाफ साल फोडून बाहेर येते. काट्याने चार-पाच ठिकाणी टोचा. उकडलेलं अख्खं अंडं मात्र ठेवूच नका, ते हातात किंवा तोंडातही फुटू शकतं.

शांत पाणी, मोठा धोका. नव्या गुळगुळीत कपातलं पाणी कधीकधी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. मग चमचा किंवा साखर पडली की एकदम उसळतं. आधीच लाकडी चमचा टाकून ठेवा.

पोळी वातड होते? ओलसर रुमालात गुंडाळा, 15 सेकंद पुरेत.

दुर्बिणीलाही फसवणारं दार. चाकणहून नाशिक हायवेने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या अशाच एका दुर्बिणीवर अनेक वर्षं गूढ संकेत येत होते. 2015 मध्ये कारण सापडलं: वेळ संपायच्या आत कुणीतरी मायक्रोवेव्हचं दार उघडत होतं! तेव्हा आधी ओव्हन थांबू द्या, मग दार उघडा, ढवळा, दोन मिनिटं धीर धरा आणि मगच पहिला घास घ्या.