रुमाल न सोडता दप्तराची पाहणी

पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांचे गठ्ठे ‘रुमाल’ या नावाने ओळखले जातात. हवा तो कागद गाठावयाचा तर अभ्यासक आधी रुमालाचा क्रमांक व यादी पाहतो. दिसेल तो रुमाल सोडीत बसल्यास आयुष्य पुरावयाचे नाही. आज अनेक संस्थांचे दप्तर भाड्याने घेतलेल्या दूरच्या संगणकांवर, म्हणजे क्लाऊडवर असते. विश्लेषणासाठी तेथे रचून ठेवलेल्या माहितीच्या कोठारास डेटा वेअरहाऊस म्हणतात. गूगलने सर्वांस खुली केलेली ‘बिगक्वेरी’ ही अशीच एक सेवा.

बिगक्वेरीत अनेक तक्ते मिळून एक डेटासेट, म्हणजे माहितीसंच, होतो. संचाचे नाव, वर्णन, निर्मितीची वेळ, साठवणुकीचे स्थान, तक्त्यांची मुदत असा तपशील संचासोबत नोंदलेला असतो. हाच मेटाडेटा, माहितीविषयीची माहिती. एखाद्या संचाचा मेटाडेटा पडद्यावरही पाहता येतो. परंतु संच शेकड्यांनी असले की छोटी आज्ञावली लिहिणेच सोयीचे. पायथन भाषेत ‘गेट डेटासेट’ ही आज्ञा प्रकल्पाचे व संचाचे नाव देऊन दिली की हा तपशील हाती येतो. ‘लिस्ट टेबल्स’ने तक्त्यांची यादी मिळते आणि ‘गेट टेबल’ने प्रत्येकातील रकाने व ओळींची संख्या कळते. यात एकही ओळ वाचली जात नाही. त्यामुळे कोट्यवधी ओळींच्या तक्त्याविषयीही उत्तर चटकन येते आणि त्यास शुल्क पडत नाही. याउलट प्रत्यक्ष माहितीची विचारणा केल्यास, वापरानुसार आकारणीच्या पद्धतीत, जितकी माहिती वाचली जाईल तितके देयक होते. नवखा मनुष्य ‘पहिल्या दहाच ओळी दाखव’ असे म्हणून निश्चिंत होतो. पण सामान्यतः त्या दहा ओळींसाठीही सगळा तक्ता वाचल्याचाच आकार लागतो.

बँकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद स्थानाची. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने देयक प्रणालींची संपूर्ण माहिती केवळ भारतातच साठविण्याचा आदेश दिला. परदेशाशी संबंधित व्यवहाराच्या तेथील भागाची प्रत मात्र गरजेनुसार तेथेही ठेवता येते. बिगक्वेरीत संच बनविताना स्थान सांगितले नाही आणि आधी तसे ठरवूनही दिले नसेल, तर तो अमेरिकेतील ‘यूएस’ या स्थानी तयार होतो. मुंबईचे स्थान ‘एशिया-साऊथ१’ आणि दिल्लीचे ‘एशिया-साऊथ२’ असे नोंदले जाते. एकदा ठरलेले स्थान बदलता येत नाही. नवा संच करून माहितीची नक्कल तेथे न्यावी लागते. म्हणूनच रोज सकाळी सर्व संचांची स्थाने तपासून वेगळे आढळेल ते कळविणारी दहा-पंधरा ओळींची आज्ञावली फार उपयोगाची ठरते.

दुसरी नोंद मुदतीची. संचास ‘तक्त्यांची मूळ मुदत’ लावलेली असल्यास त्यातील नवे तक्ते ती संपताच आपोआप नष्ट होतात. पैसे न भरता वापरावयाच्या ‘सँडबॉक्स’ सुविधेत ही मुदत ६० दिवसांची असते, आणि पुढे सशुल्क सेवा घेतली तरी जुन्या संचांवरील मुदत स्वतः काढावी लागते. आज्ञावलीस ती मिलिसेकंदांत मिळते: ५,१८,४०,००,०००. हा आकडा पाहून साठ दिवस कोणाच्या लक्षात येणार? तेव्हा त्याचे दिवस करूनच अहवालात छापावेत. शिवाय संचाची मुदत बदलली तरी आधीच्या तक्त्यांची बदलत नाही. त्यांची तपासणी एकेक करूनच करावी लागते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियम, २००२ नुसार व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे जपणे बंधनकारक असताना साठ दिवसांची मुदत नजरेआड होऊन चालत नाही.

ग्राहकांच्या मनात येथे एक रास्त शंका येईल: ही पाहणी करणाऱ्यास माझी शिल्लक दिसते काय? ‘मेटाडेटा व्ह्यूअर’ या नावाची स्वतंत्र भूमिका येथे देता येते. ती धारण करणाऱ्यास संच व तक्त्यांचा तपशील दिसतो, आतील ओळी वाचता येत नाहीत. लॉकर-खोलीची नोंदवही तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे लॉकरची किल्ली नसते, तसेच हे. मात्र रकान्यांची नावे त्यास दिसतात. त्यामुळे नावातच खातेदाराचा उल्लेख येईल असे रकाने कोणी करू नयेत. आणि ‘वर्णन’ ही जागा आज्ञावलीस पुष्कळदा रिकामीच सापडते, कारण ती संच तयार करणाऱ्यानेच लिहावयाची असते.