जीएम टाळायचंय? पाकीट उलटून पाहा

जीएम म्हणजे : दुसऱ्या जीवातला जनुक प्रयोगशाळेत घालून तयार केलेलं वाण. बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक असतो. त्यातून तयार होणारं प्रथिन बोंडअळीला मारक.

हायब्रीड वेगळं : तिथे दोन वाणांचा परागसंकर असतो. मंडईतले हायब्रीड टोमॅटो किंवा नाशिकची बिनबियांची द्राक्षं जीएम नव्हेत. ही गल्लत फार होते.

भारतात : बीटी कापसाची व्यापारी लागवड २००२ पासून. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती. जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही.

मग ताटात येतं कुठून? मुख्यतः तेलातून.
• सरकीचं तेल बहुतांशी बीटी कापसाचंच.
• अर्जेंटिना, ब्राझीलचं सोयाबीन तेल आणि कॅनडाचं कॅनोला तेलही बहुतेक जीएम पिकांचं.
• फरसाणाच्या पाकिटामागे ‘खाद्य वनस्पती तेल’ आणि कंसात तेलाचं नाव असतं. अक्षरं इतकी बारीक, की चष्मा जवळ हवा. ‘सरकी’ किंवा ‘सोयाबीन’ दिसतंय का, ते पाहा.
• रिफाइंड तेलात जनुक आणि प्रथिनं जवळपास उरत नाहीत. त्यामुळे चाचणीत जीएम सहसा सापडत नाही.

लेबल : जीएम अन्नाच्या पाकिटावर दर्शनी भागात, वरच्या बाजूला ‘जीएम’ छापण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून. सेंद्रिय मालावर प्रमाणीकरणाचं चिन्ह. सेंद्रिय प्रमाणीकरणात जीएम बियाणं चालत नाही.

फळावरचं स्टिकर : ९ने सुरू होणारा पाच अंकी क्रमांक सेंद्रिय फळाचा. ८ जीएमसाठी राखून ठेवला होता. दुकानात तो कधी आलाच नाही.