रोमन शिपायाची अंघोळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोमन स्नानगृह म्हटलं की संगमरवरी खांब आणि वाफेत पहुडलेले सिनेटर डोळ्यांपुढे येतात. रोमन सैनिक म्हटलं की चिलखत आणि चिखल. ही दोन चित्रं आपण कधी एकत्र पाहत नाही, आणि बरेच गैरसमज तिथूनच निघतात.

गैरसमज : स्नानगृह ही शहरी श्रीमंतांची चैन, शिपाई नदीवर भागवत.

वस्तुस्थिती : ब्रिटनच्या उत्तर सीमेवर स्नानगृह आलं तेच लष्कराबरोबर, आणि ते शिपायांनी स्वतः बांधलं. विंडोलांडा या ठाण्यात इ.स. १०० च्या सुमाराच्या, शाईने लिहिलेल्या लाकडी पातळ पट्ट्या सापडल्या आहेत. त्यांतल्या एकीवर एका दिवसाची कामवाटणी आहे : कामावर ३४३ माणसं, त्यांत १२ चांभारकामाला आणि १८ जण स्नानगृहाच्या बांधकामावर. चेस्टर्स इथल्या घोडदळाच्या ठाण्याबाहेर, नदीकाठी, स्नानगृहाच्या भिंती आजही उभ्या आहेत. एका खोलीच्या भिंतीत ओळीने सात कोनाडे दिसतात. वेल्समधल्या कार्लिअनला तर छावणीच्या आतच भव्य स्नानगृह आणि उघडा पोहण्याचा तलाव होता.

गैरसमज : अंघोळ म्हणजे गरम पाण्यात डुंबणं.

वस्तुस्थिती : डुंबणं हा त्यातला एक टप्पा. कपडे उतरवायचे, मग थंड, कोमट आणि कडक गरम अशा खोल्यांमधून फिरायचं. साबणाची चाल नव्हती. अंगाला तेल चोळायचं, घाम येऊ द्यायचा आणि धातूच्या वाकड्या पट्टीने तेल, घाम, मळ सगळं खरवडून काढायचं. जमीन आखूड खांबांवर उचललेली असे. बाहेरच्या भट्टीची गरम हवा तिच्याखालून खेळे. पाय पोळू नयेत म्हणून लाकडी तळाच्या चपला घालत. विंडोलांडाला त्या मिळाल्या आहेत. भट्टी म्हणजे आगीची भीती आलीच. इंग्लंडमधल्या बोज इथल्या एका वेदीवरचा लेख सांगतो, की आगीत जळालेलं स्नानगृह थ्रेसी पलटणीसाठी पुन्हा उभारलं. ही वेदी दैवाची देवता फोर्चुना हिला वाहिलेली आहे.

गैरसमज : लष्करी शिस्त आणि गरम अंघोळ यांचा छत्तीसचा आकडा होता.

वस्तुस्थिती : या समजाला आधार आहे, पण अर्धाच. इ.स.पू. १३४ मध्ये नुमान्शियाच्या वेढ्यासाठी स्पेनला गेलेल्या रोमन सेनापती स्किपिओने सैन्याची ऐट उतरवली. ज्याने त्याने आपलं अंग आपणच चोळावं, दुसऱ्याचे हात खेचरांना लागतात, असा टोमणा त्याने मारल्याचं इतिहासकार अप्पियन सांगतो. पण तो मोहिमेचा काळ होता. पुढे सम्राटांच्या राजवटीत कायमची फौज आणि कायमची ठाणी आली, तसं अंघोळीलाही नियमात स्थान मिळालं. आजच्या पोर्तुगालमधल्या अल्जुश्त्रेलच्या खाणवस्तीत सम्राट हेड्रियनच्या काळातला कांस्यपट मिळाला आहे. त्यावर स्नानगृहाच्या ठेकेदाराच्या अटी कोरल्या आहेत : पहाटेपासून सातव्या तासापर्यंत बायका, दर एक आस (रोमन नाणं), आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुष, दर अर्धा आस, मुलं आणि सैनिक फुकट. पाणी तापवायची भांडी ठेकेदाराने दर महिन्याला घासून त्यांना चरबी लावायची, हेही कलम आहे. स्त्री-पुरुष सगळीकडे एकत्रच अंघोळ करत, हा आणखी एक समज या वेळापत्रकाने परस्पर निकालात निघतो.

गैरसमज : शिपाई अंग धुऊन लगेच परतत असतील.

वस्तुस्थिती : ते तिथे रेंगाळत. कार्लिअनच्या स्नानगृहाच्या गटारात ८८ कोरीव खडे सापडले. वाफेत बसून बसून अंगठीतला डिंक सुटायचा आणि खडा पाण्याबरोबर वाहून जायचा. इंग्लंडमधल्या बाथ या गावच्या गरम झऱ्यांवरही सैनिक येत. विसाव्या पलटणीतला शस्त्रकारागीर ज्युलियस व्हिटालिस वयाच्या २९ व्या वर्षी वारला, त्याची समाधीशिळा तिथेच आहे.

गैरसमज : एवढी अंघोळ, म्हणजे तब्येत ठणठणीत.

वस्तुस्थिती : एकाच हौदात शेकडो अंगं उतरत. जखम स्वच्छ झालेली नसताना अंघोळ करणं घातक, असं वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने बजावलं होतं. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक पिअर्स मिचेल यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की रोमन काळात स्नानगृहं आणि शौचालयं येऊनही पोटातल्या जंतांचं प्रमाण घटलं नाही. विंडोलांडाच्या एका हजेरीपत्रकात ठाण्यावर हजर २९६ जणांपैकी ३१ कामाला असमर्थ आहेत, त्यांत १० जणांचे डोळे आलेले. दोष अंघोळीचाच होता असं नव्हे. पण अंघोळीने ते वाचलेही नाहीत.

मग एवढं लाकूड कशासाठी जाळलं? थ्रेस किंवा स्पेनमधून आलेला शिपाई २५ वर्षांसाठी थंड, ओल्या सीमेवर अडकलेला असे. त्याला कायदेशीर लग्नाचीही मुभा इ.स. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत नव्हती. त्याला तिथे टिकवायचं, तर पगाराबरोबर ऊबही द्यावी लागणार, हा लष्कराचा रोकडा हिशोब होता.